पहिल्या वळणावरचा मार्शल

झटका इतका लहान होता की दुसऱ्या कुणी पाहिला असता तर सोडून दिला असता. सरळ पट्टीच्या शेवटी मी ब्रेक लावला, हातातल्या ट्रान्समीटरवरचं चाक उजवीकडे फिरवलं आणि माझी गाडी क्षणभर वळलीच नाही. मग वळली. कडेच्या स्पंजच्या भिंतीला घासून ती निमूटपणे पुढे निघाली. मला मात्र तो झटका सोडून देता येईना.

आमच्या गाड्यांना लोक खेळणी म्हणतात, आणि मला त्या लोकांचा मनस्वी राग येतो. हातभर लांब, तांदळाच्या पिशवीएवढी जड, इंजिनवर पळणारी, रिमोटने चालवायची वस्तू. सरळ पट्टीवर ती हायवेवरच्या मोटारीच्या बरोबरीने पळते. फुरुता-सानांना विचारा. काकेगावा शहराच्या चहाच्या मळ्यांमागे आमचा ट्रॅक आहे. तिथल्या पहिल्या वळणावर ते मार्शल म्हणून उभे होते, कुणाची तरी गाडी वळायची ती वळली नाही आणि त्यांचा घोटा फुटला. अजून काठी टेकत येतात, जाळीमागे बसून गरम रश्शातलं ओदेन खातात. त्या वळणाकडे मात्र ते बघत नाहीत.

मार्शल म्हणजे उलटलेली गाडी उचलून पुन्हा चाकांवर ठेवणारा. त्यासाठी आमच्याकडे वेगळी माणसं नसतात. आपली शर्यत संपली की पुढच्या शर्यतीला आपणच उभं राहायचं, आणि आपल्या गाडीवर जो नंबर होता त्याच नंबरच्या कोनपाशी, म्हणजे वळणावरच्या प्लास्टिकच्या शंकूपाशी. आज तुम्ही माझी उचला, मग मी तुमची उचलते. रीत चांगली आहे. त्या रविवारी मात्र ती माझ्या मुळावर आली.

मी गाडी आत आणून टेबलावर उलटी घातली आणि स्टीअरिंगचा सर्व्हो काढला. काडेपेटीहून थोडी मोठी मोटर असते ती. मी इकडे चाक फिरवलं की तिकडे ती गाडीची पुढची चाकं फिरवते. दुसरा सर्व्हो इंजिनचा वेग आणि ब्रेक सांभाळतो. दोघांना वीज देणारी एक छोटी बॅटरी, आणि मधे माझा हुकूम ऐकणारा, त्याच बॅटरीवर जगणारा रिसीव्हर. एवढाच संसार.

"काय हो नात्सुए-सान, गाडीला वळायचा कंटाळा आला वाटतं?" शेजारच्या टेबलावरून नागुमोने विचारलं. न मागता सल्ला देणं हा या माणसाचा खरा छंद, गाड्या आपल्या तोंडी लावायला.

"समोर तुमची गाडी होती ना, लाजली बिचारी."

"हसा, हसा. पण सर्व्हो म्हातारा झालाय तुमचा. जोर नाही राहिला. ताकदवान घाला! माझ्यातला आहे ना, तो दगड सरकवेल."

बोलणं खरं वाटलं. वेगाने घेतलेलं वळण चाकांना उलटं रेटतं, आणि जुना सर्व्हो तिथे कमी पडत असणार. जाळीमागच्या दुकानात तीन-चार ठेवलेले होते. एक वेगवान होता, पण त्याच्या दात्यांवर माझा भरवसा नव्हता. एकाचा आस माझ्या गाडीच्या दांडीत बसेना. शेवटी सगळ्यात ताकदवान तोच घेतला. बसवून वीज दिली, मध्य जुळवला, मग दांडी घट्ट केली. पुढची चाकं मुठीत आवळून पाहिली तर माझी मूठच फिरली. मला केवढं बरं वाटलं!

ट्रॅकचे प्रमुख इनागाकी-सान तपासणीला आले. त्यांची तपासणी ठरलेली. गाडी अधांतरी धरायची, इंजिनचा वेग वाढवायचा आणि ट्रान्समीटर एकदम बंद करायचा. संपर्क तुटला की गाडीने आपणहून ब्रेक आवळले पाहिजेत. एरवी ट्रान्समीटर आधी बंद करणं हे आमच्यात पाप. पहिल्या दिवशी पहिलं हेच शिकवतात: चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, ट्रान्समीटर सगळ्यात शेवटी. ती कळ फक्त इनागाकी-सानांनी दाबायची, आणि तीही गाडी त्यांच्या हातात असताना.

चाकं कचकन थांबली. "पास," ते म्हणाले.

सरावाच्या फेरीत पुन्हा तोच झटका आला. तिथेच, सरळ पट्टीच्या शेवटी. नवाकोरा सर्व्हो, आणि या वेळी गाडी मघापेक्षा जास्त पुढे गेली. आता मला खरी भीती वाटली. जुनी वस्तू दगा देते तेव्हा निदान दोष कुणाचा ते कळतं. मी वायर बोटांनी चेपत तपासली, प्लग काढून घातले, स्क्रू आवळले, धक्का झेलणारी स्प्रिंग घट्ट केली. इनागाकी-सानांना बोलावलं.

"दाखवा," ते म्हणाले.

मी चाक फिरवत राहिले, ते बघत राहिले. टेबलावर गाडी नव्या सुनेसारखी वागत होती. म्हणाल तिकडे वळत होती.

"नात्सुए-सान, यात काही नाही," ते म्हणाले. "मोठ्या फायनलची धास्ती घेतलीय तुम्ही."

तेवढ्यात हिसाशी आला. हिसाशी माझा नवरा. त्याची गाडी नेहमी लहान फायनलमध्ये, आणि तिथेही मागे. त्या दिवशी त्याचं नशीब उघडलं होतं, पात्रता फेरीत तो लहान फायनलमध्ये पहिला बसला होता. नुकतीच ती शर्यत संपली होती आणि त्यात तो शेवटून दुसरा आला होता, तरी गाडीवरचा स्टिकर मिरवत होता.

"हे बघ! एक नंबर! फ्रेम करून देवघराशेजारी लावतो की नाही बघ."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. लहान फायनलनंतर माझी मोठी फायनल होती. म्हणजे माझ्या शर्यतीत मार्शल हेच लोक. आणि एक नंबरचा कोन पहिल्या वळणावर आहे.

"हिसाशी, तू दुसऱ्या कुणाशी कोन बदल."

"का?"

"माझी गाडी तिथे दगा देतेय. दोनदा दिला."

"मग दुसऱ्या कुणाला उभं करू? त्याच्या बायकोला काय सांगू?"

"मग मी नावच मागे घेते," मी म्हणाले.

"इतक्या वर्षांनी पोचलीस मोठ्या फायनलमध्ये, आणि माझ्या पायांसाठी घरी बसणार? असे काय मोठे देखणे पाय आहेत माझे?" त्याने भाताची अर्धी ओनिगिरी माझ्या हातात कोंबली. "इनागाकी-सानांनी बघितली ना गाडी? मग झालं तर. खा."

तो नारिंगी जाकीट चढवून निघाला. आमच्यात असंच आहे, जो दोष टेबलावर दाखवता येत नाही तो दोषच नाही. मी ओनिगिरी तशीच टेबलावर ठेवली आणि गाडी उचलली.

आम्ही चालक एका उंच मचाणावर ओळीने उभे राहतो आणि गाड्या खाली पळतात. नागुमो माझ्या उजवीकडे होता. सुरुवातीला मी भित्र्यासारखी चालवली. सरळ पट्टीवर लवकर वेग सोडायचा, गाडी सरळ असतानाच ब्रेक लावून घ्यायचा, ब्रेक सोडायचा आणि मग हळूच वळायचं. एकदाही झटका आला नाही. पहिल्या कोनपाशी हिसाशी हात मागे बांधून उभा होता, आणि दर फेरीला माझी गाडी त्याच्यासमोरून सुखरूप वळली की मी श्वास सोडत होते.

"भाजी आणायला निघालात का?" नागुमो म्हणाला. "मागे लाइन लागलीय हो!"

मी मुळात तापट बाई. एवढं पुरलं. पुढच्या फेरीत मी सगळ्यांसारखी गेले. शेवटपर्यंत वेग, मग जोरात ब्रेक आणि त्याच दमात वळण. गाडी वळलीच नाही. कोनच्या डाव्या अंगाने सरळ घुसली, हिसाशी उडी मारून बाजूला झाला, आणि ती स्पंजवर आदळून कशीबशी रस्त्यावर परत आली. हिसाशीने मचाणाकडे बघून छातीवर हात ठेवला. तो हसत होता.

पण या वेळी मी एक गोष्ट पाहिली होती. गाडी वळायची थांबली तेव्हाच तिचा ब्रेकही सुटला होता. दोन्ही एकदम.

उरलेली फेरी मी कशी मारली ते आठवत नाही. डोक्यात एकच चाललं होतं. दोन सर्व्हो एका क्षणी बिघडतील कसे? बिघडणारच नाहीत. दोघांच्या मागे जे एक आहे तेच बिघडत असणार. बॅटरी! ब्रेक आणि वळण दोन्ही एकदम मागितलं की ती छोटी बॅटरी धापा टाकते, आणि रिसीव्हर क्षणभर बेशुद्ध पडतो. बेशुद्ध रिसीव्हर हुकूम ऐकत नाही, आणि आपणहून ब्रेकही आवळत नाही. म्हणजे इनागाकी-सानांची ती तपासणी इथे कुचकामी. आणि मी काय केलं होतं? त्याच बॅटरीवर सगळ्यात ताकदवान, सगळ्यात खादाड सर्व्हो बसवला होता. नाकापेक्षा मोती जड.

आता तडक दुरुस्तीच्या पिटमध्ये जायचं, असं मी ठरवलं. पण हे कळेपर्यंत पिटचा फाटा मागे गेला होता. गाडी सरळ पट्टीला लागली होती आणि सवयीच्या बोटाने वेगाचा चाप पूर्ण ओढला होता.

पुढे नागुमोची गाडी पहिल्या वळणावर कोलांटी खाऊन रस्त्याच्या मधोमध पालथी पडली.

"मार्शल! ए मार्शल, लवकर! माझी गाडी!" नागुमो माझ्या कानाशी ओरडला.

मार्शलने येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करायची नसते, हे हिसाशीला माहीत आहे. पण नागुमो ओरडला आणि तो धावला. पालथ्या गाडीचं चाक कोनमध्ये अडकलं होतं. ते सोडवायला तो वाकला. पाठ माझ्याकडे, दोन्ही पाय माझ्या वाटेत.

मी त्याचं नाव घेऊन किंचाळले. इंजिनांच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही.

ब्रेक लावायचा आणि वळायचं. माझ्या हातांना दुसरं काही येतच नाही, आणि नेमकं तेच करायचं नव्हतं. ब्रेक लावला की चाक फिरवणारा हात गप्प बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. समोर माझा नवरा असताना तर नाहीच. हात वळवणार, रिसीव्हर बेशुद्ध पडणार, आणि गाडी आहे त्या वेगाने त्याच्या पायांवर जाणार. फुरुता-सानांची काठी माझ्या डोळ्यांपुढे आली.

मी अंगठ्याने ट्रान्समीटर बंद केला.

हिरवा दिवा विझला. शेजारी नागुमोने ते पाहिलं आणि त्याचा जबडा खाली आला. आता स्टीअरिंगला कुणाचा हुकूम नव्हता. रिसीव्हर शुद्धीवर असेल तर तपासणीतल्यासारखा तो आपणहून ब्रेक आवळणार होता, आणि बॅटरीचा सगळा जोर एकट्या ब्रेकला मिळणार होता. असेल तर. माझ्या हातात काही उरलं नव्हतं, आणि आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

चारही चाकं आवळली. गाडी किंचाळत, रस्त्यावर काळे पट्टे ओढत सरळ त्याच्याकडे निघाली. मला डोळे मिटायचे होते आणि मिटता येईनात. ती घसरत राहिली, घसरत राहिली, आणि त्याच्या उजव्या पायाशी जाऊन थांबली.

हिसाशीने नागुमोची गाडी सोडवली, चाकांवर ठेवली. मग मागे वळून खाली पाहिलं. माझी गाडी! इंजिन चालू, पण जागची हलत नाही. बिचारी अडकली, असं त्याला वाटलं. त्याने ती उचलली, तोंड नीट केलं, रस्त्यावर ठेवली आणि मचाणाकडे बघून दोन्ही हात हलवले. चल! चल ना!

"नात्सुए-सान, गाडी चालवा नाहीतर बाजूला घ्या," लाउडस्पीकरवर इनागाकी-सानांचा आवाज आला. मी ट्रान्समीटर छातीशी धरून खाली बसले. नागुमोने स्वतःची गाडी थांबवून मला हाताला धरून उठवलं.

शर्यत संपल्यावर हिसाशी माझी गाडी काखेत मारून तावातावाने आला.

"अगं हललीस का नाहीस? मी उचलून दिली होती की! चौथी तरी आली असतीस!"

"बस इथे."

"बॅटरी संपली का?"

"बस म्हटलं ना! उजवा पाय दे."

तो स्टुलावर बसला. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसून त्याचा पाय मांडीवर घेतला. त्याच्या पांढऱ्या मोज्यावर, टाचेच्या जरा वर, टायरचा काळा डाग होता. मी अंगठ्याने पुसायला गेले तर तो आणखी पसरला.

"हा कशाचा?" हिसाशीने विचारलं. मग तो वाकला, डाग नीट बघितला, आणि टेबलावरच्या माझ्या ट्रान्समीटरकडे बघितलं. दिवा बंद होता. गाडीचं इंजिन तर त्याने आताच, स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. म्हणजे ट्रान्समीटर गाडीच्या आधी बंद झाला होता.

त्याचा चेहरा उतरला. माझ्या मांडीवर त्याचा पाय थरथरायला लागला, आणि मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.