दोन सायकलींची एक पेडलजोडी

मी एक जुनी पेडलजोडी आहे. डावं आणि उजवं मिळून एकच जीव समजा. साधी पेडलं असती तर पायाला टेकू दिला की आमचं काम संपलं असतं. पण माझ्या पोटात ताकद मोजायचं यंत्र आहे. पाय दाबला की हँडलवरच्या छोट्या पडद्यावर वॅटचा आकडा उमटतो. मित्रांनो, माणसं त्या आकड्याला फार मानतात. मीही एके काळी त्याच तोऱ्यात होते.

कारखान्यात वजनं टांगून माझी परीक्षा झाली, तीत मी पास झाले आणि एका बहीणभावाच्या घरी आले. बहीण शर्यतीत उतरणारी. तिला सगळे छोटी म्हणत. दादा तिचा मेकॅनिक, व्यवस्थापक आणि डोकेदुखी, सगळं एकत्र. त्याने पहिल्याच दिवशी फोनमध्ये क्रँकची लांबी भरली, एकशे पासष्ट मिलिमीटर. क्रँक म्हणजे पेडल जिच्या टोकाला बसतं ती दांडी. मला पायाचा दाब कळतो, पण दांडी केवढी आहे ते दिसत नाही. ते मला सांगावं लागतं, कारण दांडी लांब असली की त्याच दाबाचं काम जास्त होतं.

दोन वर्षं रोडबाइकवर माझे लाड झाले. दादा मऊ फडक्याने मला पुसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आपली पेडलं खोटं बोलत नाहीत." मी फुगून जायचे.

मग छोटीच्या सायकल क्लबने खडीच्या शर्यतींसाठी चार जणींचा संघ निवडायचं ठरवलं. तिथल्या प्रशिक्षक सरांची अट एकच होती. खडीच्या वाटेवर वीस मिनिटं सरासरी दोनशे पंधरा वॅट. रोडबाइकवर छोटीचे दोनशे वीस सहज व्हायचे, त्यामुळे तिने ध्यासच घेतला. घरात एका उंच माणसाची जुनी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीवर चालवायची सायकल, आली. तिची क्रँक साडेसात मिलिमीटरने लांब होती. ते दादाच्या लक्षात आलं होतं, बरं का. म्हणून तर त्याने सीट जराशी खाली केली. बहिणीच्या गुडघ्यांचा विचार त्याने केला, माझा राहून गेला.

"तुलना चोख हवी," तो म्हणाला. "दोन्ही सायकलींना हीच पेडलं लावू. मग मीटरमध्ये फरक आहे म्हणायला जागाच नको."

फोनमधली लांबी मात्र एकशे पासष्टच राहिली. रोडवर मी दोनशे वीस दाखवत होते आणि खडीवर, तेवढ्याच जोराला, दोनशे दहा.

"खडीवर अंग चोरतेस तू," दादा म्हणाला.

"नाही रे, जीव तोडून मारते मी."

"तुला वाटतं तसं. आकडा बघ ना."

ती आकडा बघायची आणि पुन्हा सायकल काढायची. रोज दोनदा जायला लागली. गुडघा सुजला, तरी पट्टा बांधून जायची. मला तिचा प्रत्येक दाब कळत होता. ती काहीही चोरत नव्हती. पण मला तोंड नाही, आणि जो आकडा बोलायचा तो चुकीचा बोलायचा. इतकी लाचारी मला कधी वाटली नव्हती.

निवडीच्या दिवशीही पडद्यावर दोनशे दहाच आले. सरांनी यादीतून नाव काढलं. छोटीने हेल्मेट काढलं आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आली. त्यानंतर ती खडीवर गेली नाही.

वर्षाने दादाने ती सायकल विकायला काढली. गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, "क्रँक केवढी आहे हो?" दादाने वाकून दांडीच्या आतल्या बाजूचा आकडा वाचला आणि तसाच वाकून राहिला. मग त्याने फोनमधली माझी नोंद उघडली. एका जुन्या पाकिटाच्या मागे आकडेमोड केली, पुसली, पुन्हा केली. मला वाटलं, आता तो तिला हाक मारेल.

आतून छोटीनेच विचारलं, "काय झालं रे दादा?"

"काही नाही. पेडल घट्ट बसलंय."

"विकून टाक एकदाची. मला खडी कधी जमलीच नाही."

दादाने फोनमधली लांबी दुरुस्त केली, मला काढलं, पुसलं आणि खोक्यात ठेवून दिलं. आता मी अगदी बरोबर मोजते, पण माझ्यावर पाय कोण ठेवतंय?

मित्रांनो, एखाद्याच्या मेहनतीपुढे आकडा ठेवण्याआधी तो आकडा कसा आला तेवढं विचारत जा. आणि लंगडत जिना उतरणारी एखादी मुलगी भेटली, खडी मला जमत नाही म्हणाली, तर माझा एवढा निरोप द्या. त्या दिवशी तुझे दोनशे वीस झाले होते, छोटी.