गटार क्रमांक सात

लेकीने अर्ज ड्रॉइंग बोर्डावर ठेवला आणि खिडकी उघडी होती म्हणून त्याच्या कोपऱ्यावर खोडरबर ठेवला. वडील ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. टोक मनासारखं झालं, ब्लेड डबीत गेलं, डबीला झाकण लागलं, आणि मगच त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

"सही कुठे?"

"आधी वाचा तर, बाबा."

"न वाचता सही करीन असं वाटलं की काय तुला?"

ते वाचायला लागले. वाचताना पेन्सिल हातात होतीच. नगरपालिकेच्या नकाशा विभागात चौतीस वर्षं आरेखक म्हणून काढलेल्या माणसाच्या हातात दुसरं असणार काय? गावात त्यांना नावाने फारसं कोणी ओळखत नसे. 'बिनचूक कुठे राहतात?' असं विचारलं की लोक घर दाखवत. हे नाव आधी कौतुकाने पडलं आणि पुढे वैतागाने टिकलं. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकली तर हे आत जाऊन सांगणार. वाणसामानाची यादी पिशवीत जाण्याआधी तिच्यावरून लाल पेन्सिल फिरणार. लेक लहान असताना जेवणाच्या टेबलावर घोकून घेत: शेवटचं अक्षर साधं असलं की आधीचा उकार दीर्घ. फूल, मूल, धूळ, चूक. तिने वसतिगृहातून पाठवलेली पत्रं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून तिला परत यायची आणि खाली एक ओळ असायची, 'खुशाली कळली, आनंद झाला.' एकदा तिने रडत रडत लिहिलेलं पत्रसुद्धा तसंच परत आलं होतं. तेवढं मात्र ती अजून विसरली नव्हती.

आता ती स्वतः शाळेत विज्ञान शिकवत होती, आणि गेली तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी गल्लीमागून वाहणाऱ्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरत होती. टेकडीखाली, जिथे ते पाणी जमिनीतून बाहेर येतं, तिथली बाटली स्वच्छ. गल्लीच्या तोंडाशी भरलेली मळकट. कपडे रंगवायच्या कारखान्याच्या खालची कधी जांभळी, कधी काळी. सगळ्या बाटल्यांचे आकडे अर्जाला जोडले होते. ओढे स्वच्छ करण्यासाठी, त्यांच्यावरच्या फरश्या काढून काठाला झाडं लावण्यासाठी पाणलोट निधीतून अनुदान मिळत होतं. गल्लीतल्या वीस घरांनी सह्या केल्या होत्या. मुदत आज चार वाजेपर्यंत होती. आणि हे हुकलं तर पुढच्या वर्षी नव्हतं, कारण त्या जागेवर गाड्या उभ्या करायचा तळ मंजूर झाला होता. पाणी एकदा नळ्यांत गेलं की गेलंच.

सगळं जमलं होतं. घोडं अडलं होतं ते चौथ्या अटीवर. अनुदान फक्त नैसर्गिक प्रवाहाला मिळणार, सांडपाण्याच्या गटाराला नाही. आणि नगरपालिकेच्या नकाशात त्या पाण्याचं नाव होतं 'गटार क्रमांक सात'. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात आरेखकाची सही होती. ती लेकीने काल अभिलेख कक्षात पाहिली आणि लगेच ओळखली. तिच्या प्रगतिपुस्तकांवर तीच सही असायची.

बिनचूक शेवटच्या पानावर आले. तिथे लेकीने टंकलेलं निवेदन होतं. त्यांची पेन्सिल एका शब्दावर थांबली.

"नजरचूक," ते मोठ्याने म्हणाले. "कोणाची?"

"तुमची, बाबा."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

"अभिलेख कक्षातले म्हणाले, ज्याने नकाशा काढला त्याचं लेखी आणलं तर चालेल," लेक घाईघाईने सांगू लागली. "ओढा होता, नजरचुकीने गटार लिहिलं गेलं, बस. नुसत्या आठवणीवर समिती जरा नाक मुरडते म्हणे, पण घेतात. तुम्हाला काही होत नाही. माणसाकडून चूक होतेच, असं म्हणून सोडून देतात."

"माणसाकडून होत असेल."

"अहो, करा की सही!" आई हात पुसत दारात आली. "लेकीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुमचं काय चाललंय? आपल्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस विसरलात, ती नजरचूकच होती ना?"

"विसरलो नव्हतो. मोजणीवर होतो."

"तेच ते."

बिनचूकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचे कान लाल झाले होते.

"ही नजरचूक नाही," ते म्हणाले. "मी बदललं. मुद्दाम."

लेक स्टुलावर बसली.

"तू दोन वर्षांची होतीस. खालच्या आळीत जुलाबाची साथ आली. लोक ओढ्यातच सगळं टाकायचे आणि ओढ्याचंच प्यायचे. सहा माणसं गेली. पैसे होते, पण गटारांच्या बांधकामाचे. ओढ्याला एक पैसा नव्हता. साहेब म्हणाले, नकाशात ओढा आहे तोवर माझे हात बांधलेले आहेत. मी घरी आलो, रात्रभर तळमळलो, सकाळी जाऊन नवी शीट काढली. ओढ्याची वळणं सरळ केली. निळ्या रेघेच्या दोन काळ्या रेघा केल्या. गटार बांधलं गेलं, नळ आले, साथ थांबली. त्यात चूक कुठे आहे, दाखव मला."

आईला हे ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"मग तसं लिहून द्याल?" लेकीने विचारलं आणि तिची तीच म्हणाली, "नाही, नको. सरकारी नकाशा मुद्दाम बदलला म्हणून लिहून दिलंत तर चौकशी लागेल. पेन्शन अडकवतील. नजरचूकच बरी."

"म्हणजे तेव्हा पैसे गटाराला होते म्हणून मी ओढ्याचं गटार केलं. आज पैसे ओढ्याला आहेत म्हणून तू गटाराचा ओढा करतेस. आणि वर खोटं लिहायचं ते मी."

"मी खोटं नाही लिहीत! तो ओढाच आहे!"

"मग नजरचूक हे खरं आहे?"

कोंडीत सापडली की ती चिडायची. तो गुण वडिलांकडूनच आला होता.

"तुम्हाला ओढा मेला तरी चालेल, बाबा. फक्त बिनचूकांची रेघ चुकली असं कोणी म्हणता कामा नये. लहानपणापासून बघतेय मी. पत्रात माणूस रडतोय ते दिसायचं नाही तुम्हाला, उकार तेवढा दिसायचा."

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं, पण शब्द परत घेण्याइतकं नाही. तिने पर्स उचलली. दोन तास शाळेत होते, मग नकला काढायच्या होत्या.

"किती वाजेपर्यंत मुदत आहे?" बिनचूकांनी मागून विचारलं.

"चार."

"जाताना इकडून जा."

ती तीनला आली तेव्हा ड्रॉइंग बोर्ड पुसून रिकामा होता. आईने तिच्या हातात जाड पाकीट ठेवलं. त्याच्या कडा पट्टी लावून दुमडल्यासारख्या सरळ होत्या.

"झोपलेत का?"

"डोळे मिटून पडलेत. तू गेल्यापासून नुसतं लिहितायत आणि फाडतायत. कपाटातलं सगळं खाली काढलं. जेवायलासुद्धा उठले नाहीत." आईने आवाज खाली आणला. "तुझी ती पत्रं आहेत ना, त्यांच्या नकला ठेवल्यात त्यांनी. हाताने उतरवून. परत पाठवायच्या आधी. आज मलाही पहिल्यांदाच दिसल्या."

लेकीने पाकीट काखेत धरलं. तिने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि चपला घातल्या.

निधीच्या कार्यालयात तिच्या पुढे तिघे होते. खिडकीच्या वरचं घड्याळ साडेतीन दाखवत होतं. ती बाकावर बसली आणि तिने पाकीट उघडलं. आत दोन निवेदनं होती, दोन्ही हाताने लिहिलेली, दोन्हींवर सही. सोबत पुठ्ठ्याच्या बांधणीची जुनी मोजणीवही, आणि वहीत खूण म्हणून घातलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं:

'जे लागेल ते दे. वही फक्त दुसऱ्या निवेदनाबरोबर जोडता येईल. कारण उघड आहे.'

कारण उघड होतंच. वहीच्या त्या पानावर ओढा होता. एकेक वळण, टेकडीपासून नदीपर्यंत, दर पन्नास पावलांवर पाण्याची रुंदी आणि खोली. भर उन्हाळ्यातली तारीख होती, तरी पाणी घोट्याच्या वर होतं. एका वळणावर बारीक अक्षरात 'येथे मासे' असंही लिहिलं होतं. ओढा इतक्या बारकाईने पाहिलेल्या माणसाने त्याला नजरचुकीने गटार म्हटलं, यावर शेंबड्या पोरानेही विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या निवेदनात साहेबाचं नाव नव्हतं. 'प्रवाह नैसर्गिक आहे हे मला ठाऊक होते. नोंद मी स्वतः, जाणूनबुजून बदलली. कारण साथ. मूळ मोजणी सोबत जोडली आहे. प्रवाहाची वळणे तशीच परत मिळावीत ही विनंती.' एवढंच, आणि सही.

पहिलं निवेदन तिने शेवटी वाचलं. तिचाच मसुदा होता, पण त्यांनी तो स्वतःच्या अक्षरात उतरवला होता. चौतीस वर्षं ज्या माणसाने कामात एक खाडाखोड केली नाही, त्याने स्वच्छ लिहून दिलं होतं की माझ्याकडून अशी अशी नोंद झाली. 'ही माझी नजरचुक होती.'

ती ओळ तिने पुन्हा वाचली. मग कागद उजेडाकडे धरून पाहिला. शाई फुटली नव्हती. उकार ऱ्हस्वच होता.

तिचा हात सवयीने पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. टोपण निघालंही. मग तिने ते परत लावलं आणि पेन पर्सच्या तळाशी टाकून दिलं. डोळे भरून आले होते, आणि हसूही येत होतं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "काही कमी पडलं का कागदांत?" तिने नुसती मान हलवली.

"पुढचे कोण?"

खिडकीतल्या बाईंनी अर्ज चाळला, बाटल्यांचे आकडे पाहिले, चौथ्या अटीवर बोट ठेवलं. "निवेदन?"

लेकीने दुसरं निवेदन आणि वही आत सरकवली. बाईंनी वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या.

"हे त्यांनी स्वतः लिहिलंय? यावरून त्यांना विचारणा होऊ शकते, सांगून ठेवते."

"त्यांना कल्पना आहे."

"त्यापेक्षा लोक सरळ चूक झाली म्हणून देतात. तसं काही आणलंय का?"

"नाही," लेक म्हणाली.

बाईंनी वहीचं पान उलटंसुलटं करून पाहिलं. मासे वाचून त्या जरा थबकल्या. मग त्यांनी अर्जाच्या पहिल्या पानावर प्रवाहाच्या प्रकारासमोर 'ओढा' या शब्दावर खूण केली आणि शिक्का मारला. "पात्र ठरतोय. पुढचं समितीच्या हातात. पण असा पुरावा आमच्याकडे येत नाही सहसा." चार वाजायला सात मिनिटं होती.

पायऱ्या उतरता उतरता फोन वाजला. बिनचूक फोनवर 'हॅलो' म्हणत नसत.

"कुठलं दिलंस?"

"खरं."

मागे आईचा आवाज येत होता, आता तरी चार घास खा म्हणून.

"पेन्शन अडकली तर तुमच्या औषधांचं मी बघेन," लेक म्हणाली.

"या वयात माझी कसली चौकशी करणार? गुडघ्यांची?" ते खाकरले. "आणि ते पहिलं? ते का नाही दिलंस? तुला तेच हवं होतं सकाळी."

लेकीने पर्सवर हात ठेवला. घडी केलेला कागद आत तसाच होता.

"त्यात चूक होती, बाबा."

"शक्य नाही," बिनचूक म्हणाले. "तीनदा वाचलं होतं मी."