कीर्तीचा डावा पाय

धर्मराज वाकला तो वाकलाच. सोफ्याखाली गेलेला रिमोट काढायला वाकला, रिमोट हाताला लागला, आणि वर येताना पाठीत अशी उसण भरली की माणूस जागच्या जागी विळा. तरणेपणी याच पाठीनं भाताच्या गोणी वाहिल्या तेव्हा ती कधी कुरकुरली नाही. मग जमीन गेली, बंगला आला, बंगल्यात सोफा आला, आणि सोफ्यानं डाव साधला.

"अयायाया! जने, मेलो गो!"

मी समोरच राहते. माझ्या ओटीवरून त्यांच्या ओटीवरची चहाची बशी दिसते, मग माणूस का नाही दिसणार? तव्यावरची भाकरी उतरवली आणि गेले. याला शेजारधर्म म्हणतात. धर्मराजाची बायको जनी याला दुसरं नाव देते, ते जाऊ दे.

"काय उचलाय गेले होते?" मी विचारलं.

"राबाचा भारा," धर्मराज लादीकडं बघत म्हणाला. हातात रिमोट तसाच होता.

खाडीकडं त्यांचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, आणि भाताच्या रोपासाठी राब भाजायचे दिवसही होते. पण राबाचा भारा सोफ्याखाली कसा शिरला हे मी विचारलं नाही. अडलेल्या माणसाला लगेच अडवू नये, थोडा वेळ जाऊ द्यावा.

दिवसही असा वाईट. गावदेवीची जत्रा. ऊन उतरलं की पालखी निघणार, आणि पालखीची पुढची दांडी धर्मराजाच्या घराची. बापाच्या खांद्यावरून ती याच्या खांद्यावर आली. आमच्या गावाचा दंडकच आहे, की दांडीवाला देवळासमोर ताठ उभा पाहिजे. नसला तर भाऊबंदातला दुसरा खांदा देतो, आणि ज्यानं घेतली त्याची ती झाली. मागची दांडी अशीच गेली. म्हातारा गणू मोटारसायकलवरून पडला, एक वर्ष चुकलं, आणि आता त्याची नातवंडं पालखीच्या मागून धूळ खात चालतात. जमीन गेली तरी धर्मराज 'दांडीवाला' म्हणून छाती काढून चालायचा. दांडीही गेली तर गावात तो नुसता भाड्यानं खोल्या देणारा उरणार, आणि तसे आमच्याकडे दारोदार आहेत.

त्यांच्या घरात कुणाचं काही अडलं की एकच हाक निघते, "कीर्ते!" कीर्ती त्यांची सून, कल्पेशची बायको, माहेर खारघरचं बेलपाडा. चार वर्षांत तिनं त्या घरातलं काय काय सोडवलं ते मला तोंडपाठ आहे. सासूची नथ बेसिनमध्ये गेली तेव्हा खालचा पाइप उघडून हिनं काढली. जनी म्हणाली, "लादी ओली केलीस." सासऱ्याच्या सुजलेल्या बोटात अंगठी रुतली, हिनं दोरा गुंडाळून उतरवली. धर्मराज म्हणाला, "हलू काढायची." नवऱ्यानं गाडीची चावी गाडीतच ठेवून दार लावलं, हिनं पट्टी घालून उघडलं. कल्पेश म्हणाला, "रंगाला चरा गेला." खालच्या खोलीतला भाडेकरू विश्वजीत सांगलीकडचा, तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात आहे. तो रात्रपाळीहून येताना किल्ली विसरला की हिलाच उठवतो. तो मात्र थँक्यू म्हणतो. त्यावरून जनी हिला दोन दिवस बोलते. जमेला काही नाही, नावे मात्र ढीग.

तर त्या दिवशीही कीर्ती धावली. मीठ गरम करून पुरचुंडीनं शेकलं. वरवंटा फिरवला. धर्मराज बोंबलला, सरळ झाला नाही. कल्पेशनं मोबाईल पाहून सांगितलं, "बाबा, पोटावर झोपा."

"झोपू कसा? दुमडलोय मी! तुजा मोबाईल दुमडून बघ."

विश्वजीत पाळी संपवून आला तोच म्हणाला, "काका, सरळ पनवेलला दाखवा. आठवडाभर बेड रेस्ट."

"आठवडा? पालखी आज हाय, बाला."

तरी गाडी काढली. नवी गाडी उंच. धर्मराज डोक्याकडून आत गेला खरा, पण सीटवर टेकायला माणसाला मधेच सरळ व्हावं लागतं. डोकं गियरपाशी, बूड दाराबाहेर, आणि कल्पेश मागून दार लावू पाहतोय, सूटकेसचं झाकण लावावं तसा. नेमका तेव्हा कमलाकर आला. धर्मराजाचा चुलतभाऊ. दांडी सुटली तर तिच्याखाली पहिला खांदा त्याचा. आदल्या आठवड्यापासून पांढरा सदरा कडक इस्त्री करून ठेवला होता, हे मला त्याच्या बायकोनंच सांगितलं होतं.

"दादा, पालखी यायच्या आधीच नमस्कार?"

"कोन, कमळ्या?" गाडीच्या आतून आवाज आला. "काय नाय रे. गाडीत खाली काय पडलंय ते बघतोय."

"बघ, बघ. सापडंल. तू कालजी करू नको, दांडी काय भुईला टेकू देत नाय आमी."

तो गेला. धर्मराजाला उलटा ओढून काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पाठीचं नव्हतं. मी त्या माणसाला चाळीस वर्षं हसत आले, तेव्हा नाही हसले.

तेवढ्यात जनीनं कपाळावर हात मारला. "अवो! आपली कीर्ती पायाळू हाय की!"

जो पायाकडून जन्मतो तो पायाळू. त्यानं डावा पाय पाठीला लावला की भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. लग्न ठरवताना कीर्तीच्या आत्यानं तसं सांगितलं होतं. ओटीवर सगळ्यांनी एकदम कीर्तीच्या पायांकडं पाहिलं आणि लगेच नजर काढली. कारण या घरात सुनेच्या पायाचं एक पुराणच होतं. लग्न होऊन आली त्याच महिन्यात कीर्तीनं ओटीवरची चप्पल पायानं सरकवली, तर धर्मराजानं पावसाळा लागेपर्यंत ऐकवलं होतं. झोपाळ्यावर पाय घेऊन बसायचं नाही. सासऱ्यासमोर पायावर पाय नाही. सुनेचा पाय म्हणजे लक्ष्मीचा, तो लादीवरच दिसला पाहिजे.

"सुनंचा पाय माज्या पाठीला?" धर्मराज गरजला. जमिनीकडं बघून गरजला, त्यामुळे लादीच घाबरली. "त्यापरीस वाकलेला मरेन! तिरडीला तिढा पडला तरी चालंल!"

कीर्ती आत गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून उभी, तोंड उतरलेलं.

"काकी, मी पायाळू नाय ओ."

"आँ?"

"रिया हाय. माजी बहीन. आत्या तवा तिचंच सांगत होती. इथं सगळ्यांनी माज्यावर घेतला."

"मंग सांगितलंस कनाय?"

"सांगाय गेलती. आई बोलल्या, मोठ्यांच्या मधी बोलू नये."

"रिया कुठं असते?"

"नाशिकला. फोन केला तरी पालखी घरी येऊन झोपल तवा येईल."

मी विचार केला. खरं सांगावं तर धर्मराज वाकलेलाच राहणार आणि वर सोयरीक खोटी निघाली म्हणून हिलाच धरणार. न सांगावं तर निदान एक डाव खेळायला मिळतो.

"कीर्ते," मी म्हटलं, "तू लाथ मार."

"आनि नाय झाले बरे तर?"

"तर लाथ तरी मारून होईल."

पोरगी इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर खळखळून हसली. मग पदरानं तोंड दाबलं.

ऊन कलायला लागलं. देवळाकडं बेंजोवाल्यांनी ताल धरून पाहिला. तो ताल ओटीवर आला तसा धर्मराज विरघळत गेला. आधी म्हणाला, "पडदं ओढा." मग, "कल्पेश, तू बाहेर जा. विश्वजीतला पन घे." मग म्हणाला, "पाय धुतलाय का तिनं?"

"अवो, अडला हरी..." जनी म्हणायला लागली, आणि पुढं गाढव येतं हे आठवून तिनं ओठ मिटले.

"लाथ नाय मारायची," धर्मराजानं कलमं घालायला सुरुवात केली. "नुसता लावायचा. मधी टॉवेल पायजे. आनि ही गोष्ट या चार भिंतीत. चंद्रावती वयनी, तुमी पन."

"माज्या तोंडातून नाय जानार," मी म्हटलं. तेव्हा तरी मनापासून म्हटलं होतं.

जनीनं त्याला आत घेऊन उंबऱ्यापाशी उभा केला, तोंड ओटीकडं, दार लोटलेलं. पाठीवर टॉवेल टाकला. कीर्तीनं आधी सासऱ्याच्या पायांना हात लावून नमस्कार केला. धर्मराज वाकलेलाच असल्यानं ती खाली वाकली आणि दोघांची तोंडं समोरासमोर आली. दोघांनी डोळे मिटले. मग तिनं साडी थोडी आवरली आणि डावा पाय उचलला.

पहिल्यांदा पाय लागला तो पापड लाटल्यासारखा.

"काय वाटला?" जनीनं विचारलं.

"टॉवेल सरकला."

दुसऱ्यांदा जरा दाब पडला. धर्मराज "हं" म्हणाला आणि होता तसाच राहिला. बाहेर बेंजो जोरात सुरू झाला, म्हणजे पालखी सजली. धर्मराजाचा धीर सुटला, आणि धीर सुटला की त्याची जीभही सुटते.

"अगो, जीव हाय का नाय पायात? चार वर्सं भाकर खाल्लीस ती गेली कुठं? घरात कामाला नाय, वेळंला नाय! बापानं तुज्या नुसती मोठी..."

बापानं नुसती मोठी काय, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. कीर्तीचा पाय मागं गेला तो मी पाहिला. त्या पायात नथ होती, अंगठी होती, गाडीची चावी होती, ओली लादी होती. आणि तो जो आला! टॉवेल एकीकडं, दार उघडून भिंतीवर, धर्मराज उंबरा ओलांडून ओटीवर. दोन पावलं धडपडला, कठड्याला धरून गर्रकन वळला, हात वर उगारला आणि ओरडला, "तुज्या आयला, सासऱ्याला लाथ घालतंस? थांब, तुना दाखवतंय..."

"अवो!" जनी किंचाळली. "उभे रायलात!"

धर्मराजानं आपल्या उगारलेल्या हाताकडं पाहिलं. हात पंख्याच्या पातीपर्यंत गेला होता. छाती पुढं, मान सरळ. त्यानं हळूच डावीकडं वळून पाहिलं, उजवीकडं वळून पाहिलं. शिवी अर्धी तोंडात होती, ती गिळली.

पण ओटीवर आणखी एक माणूस होता. कमलाकर. इस्त्रीचा सदरा घालून, दादाची रीतसर परवानगी घ्यायला आलेला. त्यानं सगळं पाहिलं होतं. तोंड उघडं, आणि त्या तोंडात आता वर्षभर गावाला पुरेल एवढा मसाला.

"दादा... सुनेनं... लाथ?"

मला वाटलं, संपलं. दांडी राहिली, पण नाक गेलं. पण धर्मराज बाजारात दोन पिढ्या भात विकलेल्या घरातला, पडलेल्या भावात पण नफा काढतो.

"बघतंस काय?" धर्मराज ताठ उभा राहून म्हणाला. "पायाळू हाय आमची सून. एका पायात उसन उतरवली. हाय का तुज्या घरात कोन असा?"

कमलाकरनं घरातली माणसं मनातल्या मनात मोजली असावीत. कुणी निघालं नाही. सदरा तसाच घेऊन गेला.

पालखी उठली ती धर्मराजाच्या खांद्यावर. गावभर नाचली. मी माझ्या दारात आरती घेऊन उभी होते. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, गुलाल होता, आणि पाठीत दुखत असणार ते त्यानं देवीलाही कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कीर्तीनं धीर करून सासूला खरं सांगितलं. मी तिथंच वाल निवडत होते.

"आई, मी पायाळू नाय. रिया हाय."

"गप!" जनीनं इकडंतिकडं पाहिलं. "गुन आलेल्या पायाला नाय बोलू नये. गुन जातो."

तेव्हापासून त्या घराचा कारभारच बदलला. धर्मराजानं स्वतः पनवेलच्या बाजारातून सुनेला मऊ तळाची चप्पल आणली. उन्हात अनवाणी गच्चीवर जायचं नाही, दगडावर पाय द्यायचा नाही, पाणी पडलेल्या लादीवर चालायचं नाही. पाहुणा आला की धर्मराज आधी दांडीची गोष्ट सांगतो, मग कीर्तीला हाक मारून पाय दाखवायला लावतो. चार वर्षं तिनं हातानं घर सावरलं ते कुणाच्या डोळ्यांत भरलं नाही. तोंड उघडून हे मी एकदा जनीला बोलले, तर म्हणाली, "हात काय, सगळ्यांनाच असतात."

परवाचीच गोष्ट. दुपारी मी त्यांच्या ओटीवर बसले होते. कीर्ती झोपाळ्यावर, दोन्ही पाय वर घेऊन. खुर्चीत धर्मराज. आतून धडधड आवाज आला आणि मग जनीची हाक, "कीर्ते! कडी अडकली गो! न्हानीत रायली मी!"

कीर्ती सवयीनं उठायला गेली.

"बस तू," धर्मराज म्हणाला. "न्हानीत वल असते. घसरशील."

तो स्वतः उठला. दार ओढलं, हलवलं, पेचकस आणला, तो फटीऐवजी आपल्याच बोटात घुसवला. कल्पेशला फोन लावला, त्यानं उचलला नाही. विश्वजीतला उठवलं. त्यानं दाराचा फोटो काढून कुणाला तरी पाठवला आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

"अगो, उकडून मेली मी!" आतून जनी ओरडली. "कीर्तीला बोलवा! एक लाथ मारू दे दाराला, उघडंल!"

"खबरदार!" धर्मराज बोट चोखत गरजला. "दारावर पाय फुकट घालवायचा नाय!"

कीर्तीनं माझ्याकडं पाहिलं. मग उजव्या पायानं लादीला हलका रेटा दिला, आणि झोपाळा सुरू केला.