क्रेसेंझबाईंच्या इंजिनातली टकटक

क्रेसेंझबाईंच्या गाडीत इंजिनाच्या इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला आणि दोन दिवसांत त्यांचा मुलगा गेर्नोट स्टुटगार्टहून हजर झाला. आईला ताप आला होता तेव्हा यायला त्याला आठवडा लागला होता.

बोलावणं आलं म्हणून मी पोहोचलो तेव्हा मायलेक अंगणात गाडीच्या दोन बाजूंना उभे होते. किल्ली गेर्नोटच्या मुठीत होती.

"मास्तर, तुम्हीच सांगा याला," बाई म्हणाल्या. "म्हणतो, मी इंजिन मारलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत मी कोंबडीशिवाय काही मारलेलं नाही."

"सर, ही पेट्रोल वाचवायला पाचव्या गिअरमध्ये घाट चढते."

"चौथ्या!"

"इंजिन आतून ठोके खातंय. गाडीला फोन जोडला तर बिघाडाचा कोडच आलाय." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "आमचं ठरलंय, सर. हिच्या चालवण्यानं इंजिन बिघडलं असेल, तर गाडी आज माझ्याबरोबर जाईल. तुम्ही सांगाल ते दोघांना मान्य."

आमच्या डोंगरातल्या गावाला दिवसातून दोन बस. दुकान सात किलोमीटरवर. त्यात क्रेसेंझबाईंच्या गाडीतून तीन विधवा दर बुधवारी पोहायला जातात. गाडी गेली असती तर चार बायका घरात बसल्या असत्या, आणि त्यांचा राग माझ्यावर निघाला असता.

गेर्नोट तंत्रशाळेत माझ्या हाताखाली शिकला होता. वही सुंदर, हात कच्चा. पुढे तो विमा कंपनीत गेला, ते सगळ्यांच्याच हिताचं झालं. आता त्यानं खिशातून नवा कोरा नॉक सेन्सर काढला.

"हा बसवतो आधी. नंतरही दिवा लागला तर इंजिनच गेलं म्हणायचं."

"हा काय काम करतो, सांग बरं."

"ठोके ओळखतो."

"म्हणजे हा इंजिनाचा कान. पेट्रोल ठिणगीच्या हुकमानं पेटायला हवं. आपल्या मनानं पेटलं की आत हातोडीसारखा ठोका बसतो. कान तो ऐकतो, कॉम्प्युटरला सांगतो, मग कॉम्प्युटर घाबरून ठिणगी उशिरा देतो आणि गाडी मरगळते. तुझा कोड एवढंच म्हणतोय की कानाला काहीतरी ऐकू येतंय. कान बहिरा असता तर कोड वेगळा आला असता. बाहेर कोणी ढोल बडवत असेल तर तू कान कापून नवा लावणार का?"

"बघ," बाई म्हणाल्या.

"तुम्हीही गप्प बसा. पाचव्या गिअरनं खरंच ठोके बसतात."

"चौथ्या," त्या पुटपुटल्या.

मी बाईंना स्टिअरिंगमागे बसवलं आणि गेर्नोटला खिडकीतून किल्ली फिरवायला लावली. इंजिन संथ चाललं तेव्हा शांत. बाईंनी जागेवरच ॲक्सिलरेटरवर जरा पाय दाबला, फेऱ्यांचा काटा दोन हजारावर गेला आणि आवाज आला : टकटकटक. पाय आणखी दाबला तर बंद.

"आता विचार कर, गेर्नोट. गाडी उभी आहे, इंजिनावर ओझं काही नाही. खरा ठोका केव्हा यायला हवा?"

त्यानं सेन्सर खिशात टाकला, पुन्हा काढला. मी घाई केली नाही. वर्गातही करत नसे. "चढावर," तो शेवटी म्हणाला. "ओझं असताना."

"मग हा कोण?"

बाईंना काटा पुन्हा दोन हजारावर धरायला सांगितलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून मी ऐकत सरकलो. पुढे काही नाही. मागे, सेन्सरच्या शेजारी, कोणीतरी जणू भांडी घासत होतं. गेर्नोटनं इंजिन बंद करून किल्ली काढली, मी छोटा आरसा नि टॉर्च आत घातला. तिथं कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी होती. एक टोक सुटून इंजिनावर आपटत होतं.

आमच्याकडचा मार्डर म्हणजे मुंगसाचा वाया गेलेला भाऊ. गाडीच्या पोटात शिरून वायरी कुरतडतो. त्याच्यासाठी कोणी कुत्र्याचे केस टांगतं, कोणी संडासातली वासाची वडी. पण शहाणी माणसं जाळी गाडीखाली जमिनीवर पसरतात, तिच्यावर तो पाय ठेवत नाही. इंजिनाला बांधत नाहीत.

जाळी ओढून काढली तेव्हा तिला लोंबणारी ॲल्युमिनियमची पट्टीही बाहेर आली. पट्टीवर सुबक अक्षरं ठोकलेली होती : मार्डर-प्रतिबंधक जाळी. बसवणारा : गे. हूमेल. पुढील तपासणी दोन वर्षांनी.

बाईंनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"ईस्टरला आला होतास तेव्हा दोन तास गाडीखाली होतास. मला वाटलं, आईच्या स्वयंपाकाला कंटाळलास."

"प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलं होतं," गेर्नोट म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "उष्णतेनं वितळल्या असणार."

"अक्षर मात्र अजून छान आहे," मी म्हणालो.

"सर, पण चढावर बघितल्याशिवाय कसं कळणार?"

हा प्रश्न बरोबर होता, आणि मी तसं त्याला सांगितलं. त्याच्या फोनवरून कोड पुसला. बाईंनी हात पुढे केला. गेर्नोटनं किल्ली दिली आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. मी पुढे बसून काट्यांवर नजर ठेवली.

घाटाच्या पहिल्या वळणावर बाईंनी माझ्याकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि तिसरा गिअर घातला. गाडी बिनतक्रार वर निघाली. टकटक नाही, दिवा नाही. माथ्यावर पोहोचलो तरी नाही.

"इंजिन ठणठणीत आहे," मी निकाल दिला.

मागे गेर्नोटनं फोनवर स्टुटगार्टच्या ट्रेनची वेळ बघितली. मग म्हणाला, "मला पुढे स्टेशनवरच सोडा. पण आता तिकीट काढावं लागेल. मी येतानाचंच काढलं होतं."

बाईंनी पाय आणखी दाबला.

"आई, इथं सत्तरची मर्यादा आहे."

"माहीत आहे. पण तुझी ट्रेन चारची आहे."