दोनशे सतरा डाग

गावातल्या एकमेव फोटो स्टुडिओच्या मालकाला सगळे फोटोवाले म्हणत. त्याच्याकडे फोटो काढला की माणूस दहा वर्षांनी तरुण होऊन बाहेर पडतो, अशी ख्याती होती. तीळ, मुरुम, देवीचे वण, कपाळावरची आठी, काही म्हणजे काही उरत नसे. "त्याच्याकडे आजीला पाठवा, नवरी करून परत देईल," असं लोक म्हणत आणि तो हे कौतुक समजून हसत असे.

कामाच्या दोन सवयी तो मोडत नसे. पहिली वडिलांकडून आलेली. पुसलेला प्रत्येक डाग मोजायचा आणि आकडा फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचा. वडील काचेच्या निगेटिव्हवर पातं चालवत, तेव्हा एखादा डाग नजरेतून सुटू नये म्हणून ते असं करीत. मुलगा कॉम्प्युटरवर करी, पण आकडा लिहिल्याशिवाय त्याला काम संपल्यासारखं वाटत नसे. दुसरी सवय अनुभवातून आलेली. एकदा एका मुलीचा न पुसलेला फोटो चुकून वराकडच्यांच्या हाती गेला, लग्न मोडलं आणि मुलीचा बाप दुकानात येऊन काच फोडून गेला. त्या दिवसापासून तो मूळ फोटो ठेवतच नसे. त्यावरच पुसायचं, तेच जपायचं आणि कॅमेऱ्याचं कार्ड लगेच कोरं करायचं.

त्याच्या बायकोला आकाशाचं वेड होतं. पावसाळा सरून शरदातलं आकाश स्वच्छ झालं की ती दुकानातला जुना कॅमेरा घेऊन गच्चीवर जाई. त्या दिवसांत उत्तरेकडून पक्षी येत. बदकं, पाणकावळे आणि सर्वांत शेवटी, सर्वांत उंचावरून, करकोचे. ते गावात उतरत नसत, नुसते वरून जात. नऊ वर्षं ती त्यांची मोजदाद एका वहीत ठेवत होती. सासूबाई जिन्याखालून ओरडत, "अगं, आकाशाचे फोटो कसले काढतेस? ते काय पळून चाललंय?"

"ते नाही, पण त्यातले चाललेत ना, आई," ती वरून म्हणे.

नवऱ्याने तिचे ढग कामाला लावले होते. नवपरिणीत जोडप्यांच्या मागे तो तिचंच आकाश चिकटवी. त्यातले बारीक ठिपके आधी पुसून टाकी, कारण जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगात धूळ आहे असं त्याला वाटे आणि जोडप्याच्या डोक्यावर धूळ बरी दिसत नसे.

एका हिवाळ्यात पक्ष्यांचा अभ्यास करणारी एक बाई ओळखपत्राचा फोटो काढायला आली. गल्ल्यावर पडलेली बायकोची वही तिने सहज उघडली आणि तासभर उभ्याने वाचली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं पत्र आलं. तळ्याकाठच्या निरीक्षण केंद्रात एक जागा भरायची होती. वर्षातले सहा महिने तिथे राहून पक्षी मोजायचे. वही उत्तम आहे, पण समितीला पुरावा लागतो. करकोच्यांचा मोठा थवा या गावावरून जातो हे दाखवणारा एक मोठा छापील फोटो शरद संपायच्या आत पाठवा.

बायकोने पत्र जेवताना वाचून दाखवलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला. नवरा म्हणाला, "जा की. कोण अडवतंय?" आणि कोशिंबिरीत मीठ कमी आहे असंही म्हणाला.

कोणी अडवत नव्हतं, हे खरं. पण गल्ल्यावर ती बसे. ओळखपत्रांचे फोटो कापायच्या यंत्रावर तिचाच हात बसलेला. गिऱ्हाइकांशी गोड बोले तीच. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना तेलही तीच लावी. फोटोवाल्याने हे सगळं मनात मोजलं.

करकोचे आले ते एका सोमवारी, चार वाजता. ती कात्री टाकून गच्चीवर धावली. थवा इतका उंच होता की कोणी मूठभर मिरी उधळावी तसा दिसत होता. तिने तीनदा मोजले. दोनशे सतरा. सगळे एका चौकटीत आले असे एकदाच, आणि तेवढा एकच फोटो तिला मिळाला. एक पक्षी मागे पडला होता, डावीकडे, एकटा. तो चौकटीत यावा म्हणून तिने श्वास धरून वाट पाहिली होती.

खाली येऊन तिने कार्ड नवऱ्याच्या हातावर ठेवलं. "हा मोठा छापून द्या. उद्या टपालात टाकते. आणि अहो, नीट करा हं."

"माझं काम कधी वाकडं असतं का?"

दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. फोटोवाला कॉम्प्युटरपुढे बसला. पडदाभर निळं, कोरं आकाश आणि त्यावर धूळ. भिंग साफ करायला हवं, असं पुटपुटत त्याने पुसायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. हात सवयीने चालत होता. अडतिसावा पुसून झाल्यावर त्याला वाटलं, धूळ अशी रांगेत बसत नाही. त्याने चित्र मोठं केलं. पुढच्या ठिपक्याला लांब मान होती. दोन पंख होते. मागे ताणलेले पाय होते.

तो थांबला. एक बटण अडतीस वेळा दाबलं असतं तर अडतीसच्या अडतीस परत आले असते. तो उठला, पाणी प्यायला. बाहेर गल्ल्यावर एक जण येऊन विचारत होता, "वहिनी नाहीत का? मग नंतर येतो." आणि खरोखरच निघून गेला.

फोटोवाला परत येऊन बसला. "एकोणचाळीस," तो म्हणाला आणि पुढचा पुसला.

आता तो सावकाश, मन लावून पुसत होता. कडा राहू नये, सावली राहू नये. इतकं चांगलं काम त्याने कित्येक महिन्यांत केलं नव्हतं. मागे पडलेला एकटा त्याने शेवटी घेतला. मग तेच जपलं, कार्ड कोरं केलं, फोटो छापला, पाठीवर पेन्सिलीने लिहिलं आणि पाकीट चिकटवून टाकलं.

बायको घरी आली तेव्हा तो म्हणाला, "उघडून बघायचं असेल तर बघ."

"तुमचं काम काय बघायचं?" ती म्हणाली आणि तशीच टपालात टाकून आली. त्या शरदात करकोचे पुन्हा गेले नाहीत.

महिन्याने पाकीट परत आलं. बाईने लिहिलं होतं, आकाश फार सुंदर आहे, पण समितीला त्यात एकही पक्षी सापडला नाही. मला फार वाईट वाटतं. जागा दुसऱ्या कोणाला दिली.

बायकोने फोटो बराच वेळ पाहिला. उजेडाकडे धरला.

"एवढ्या उंचावरचं काय येणार?" नवरा म्हणाला. "कॅमेराच जुना."

तिने फोटो उलटा केला. पाठीवर त्याच्या वळणदार अक्षरात होतं : डाग, २१७. तिने गल्ल्यातून वही काढली, सोमवारचं पान उघडलं आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं.

"धूळ वाटली गं," तो म्हणाला. "नजरचुकीने झालं. शपथ."

"असू दे." तिचा आवाज चढला नाही. "शेवटचा कुठला पुसलात?"

"तो मागे राहिलेला," तो म्हणून गेला. "डावीकडचा, एकटाच उडत होता तो."

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही, आई. हिशोब जुळला."

तिने तो फोटो चौकटीत घालून गल्ल्यासमोरच्या भिंतीवर लावला. आकाश भिंतीकडे, पाठ दुकानाकडे. गिऱ्हाइकं विचारत, एवढे डाग कोणाला होते हो? ती फोटो कापता कापता सांगे, "त्यांना विचारा. अक्षर त्यांचं आहे." फोटोवाला हसायचा प्रयत्न करी. चौकट काढून टाकायचं त्याने दोनदा मनात आणलं. पण काढली तर तिच्याशी काहीतरी बोलावं लागलं असतं.

बाकी सगळं होतं तसंच चाललं. ती गल्ल्यावर बसे, गोड बोले, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावी. गच्चीवर फक्त वाळत घातलेले कपडे काढायला जाई. पुढच्या शरदात, एका दुपारी, वरून लांबवर तो कर्कश, दाटीचा आवाज आला. बायको जागची हलली नाही. नवरा दारापर्यंत गेला, डोळ्यांवर हात धरून वर बघू लागला. दहा वर्षांत पहिल्यांदाच.

"अगं, आले वाटतं. खूप आहेत. येतेस?"

यंत्राची मूठ खाली आली. एका कागदावरचे चार फोटो सुटे झाले. तिने ते पाकिटात घातले.

"पुसा," ती म्हणाली.