पेन्सिलीची सोय

पूर्णाथडी बियाणे सहकारी संघाच्या परभणीतल्या मुख्य कचेरीत धम्मशीलाला कुणी कधी शिवी दिली नाही. तशी गरजच पडली नाही. चहाची किटली तिच्या टेबलापाशी आली की नेमकी रिकामी व्हायची. एप्रिलच्या उन्हात ती डबा खाऊन परत यायची तोवर कूलर भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा. ती आत शिरली की चाललेलं बोलणं थांबायचं, आणि मग कुणीतरी मोठ्यानं विचारायचं, "आज किती फायली बुडाल्या म्हनं?"

फायलींसाठी तिने बसवलेल्या यंत्रणेचं नाव होतं 'प्रवाह'. कचेरीने त्याची पहिल्याच आठवड्यात 'बुडवाबुडवी' केली होती.

बीजशास्त्रात एम.एस्सी. झालेली ही मुलगी ताडकळसची. संघाच्या प्रयोगशाळेत उगवणचाचण्या करायची. एकच निकाल तीन ठिकाणी हाताने उतरवायचा कंटाळा आला म्हणून तिने संगणकावर एक छोटी सोय केली. कार्यकारी संचालक योगीराज साहेबांनी ती पाहिली आणि तिला उचलून मुख्य कचेरीत आणलं. प्रक्रिया केंद्रं, गोदामं, पाच तालुक्यांतल्या शाखा, सगळ्यांच्या फायली संगणकावरून चालायला हव्यात, कागद बंद. "जुलैअखेर करार आहे तुमचा," साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले. "हंगाम प्रवाहातून पार पडला तर वाढवू. नाही तर तुम्ही तुमच्या मार्गाने." प्रयोगशाळा प्रमुखाची जागा रिकामीच होती, तेव्हा त्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभारही तिच्याच गळ्यात पडला.

करार वाढावा असं तिला वाटत होतं आणि ते ती लपवत नव्हती. पुन्हा प्रयोगशाळेत रोजंदारीवर जायचं नव्हतं. शिवाय तिला या कामाची गोडी लागली होती. एखादं बी का उगवत नाही हे जसं तिला शोधावंसं वाटायचं, तसंच फाइल का हलत नाही हेही. तिने एका बियाण्याच्या लॉटची फाइल कुठून कुठे जाते याचा मोठा नकाशा काढला. नियमाप्रमाणे जिथे अर्धा दिवस पुरावा तिथे आठवडा जात होता, आणि तो कुठे जातो ते कागदावर कुठेच दिसत नव्हतं.

तो पेन्सिलीत जात होता.

संघात एक जुनी रीत होती. फायलीवर पेनाने फक्त ठरलेलं लिहायचं. न ठरलेलं सगळं समासात, पेन्सिलीने. 'हे कसं बसतं?' 'साहेबांना विचारलं का?' 'ह्यात अडकाल.' खालून वर, वरून खाली समासातून भांडणं चालायची, सौदे व्हायचे, माघारी घेतल्या जायच्या. सगळं जमलं की कार्यालय अधीक्षक भुजंगराव खोडरबर घेऊन बसायचे. समास स्वच्छ करायचे, तळहाताने चुरा झटकायचे आणि मग सगळे ओळीने पेनाने सह्या करायचे. तीस वर्षं संघात कुणीही कागदावर कुणाशी असहमत झालं नव्हतं.

प्रवाहात समास नव्हता. तिथे लिहिलेला प्रत्येक शेरा नाव-वेळेसकट कायमचा राहायचा. म्हणून कुणी लिहीतच नव्हतं. लोक पडद्यावरची फाइल छापून घ्यायचे, त्यावर पेन्सिलीने गिरवायचे, आणि सगळं मिटल्यावर कोरं 'मंजूर' दाबायचे. आधीपेक्षा कागद जास्त आणि उशीरही जास्त.

"भुजंगराव, छापायचं नाही असा आदेश आहे," ती एकदा त्यांच्या टेबलाशी जाऊन म्हणाली.

"आमी कुटं छापायलाव? मशीनच छापायलीय."

आजूबाजूचे हसले.

"शेरा लिहायला चौकट दिलीय ना. तिथे लिहा."

"बाई, तुमी लेकरासारक्या हाव म्हनून सांगतो." भुजंगरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मानूस आदी बोलतो, मंग इचार करतो, मंग लिवतो. तुमची मशीन म्हनती, बोलला की लिवलं. असं घरात बायकोशी तरी चालतं का?"

"पुसता येतंय म्हणूनच कुणी जबाबदारी घेत नाही."

"घ्या मग तुमी. आमाला हौस न्हाई."

मे उजाडला. बियाण्याच्या गाड्या सुटायचे दिवस आले तरी फायली अडून. साहेबांनी तिला वर बोलावलं आणि दार लावून झापलं. "मला तुमचे नकाशे नकोत. ती माणसं ज्याने हलतील ते करा. नाही तर जुलैची वाट कशाला बघायची?"

दोन दिवस ती तो नकाशा पुढ्यात घेऊन बसली. मग तिने प्रवाहात एक नवी चौकट टाकली, करड्या रंगाची. त्यात लिहिलेलं फक्त त्या फायलीच्या टेबलांना दिसेल आणि शेवटची मंजुरी पडली की आपोआप पुसलं जाईल. यंत्रणा पुरवणाऱ्या पुण्याच्या तंत्रज्ञाने फोनवर सुचवलं, "मॅडम, आतून एक प्रत राहू देऊ का? कुणाला कळणार नाही." ती नको म्हणाली. पुसलं जाईल म्हणून सांगायचं आणि ठेवायचं, हे तिला पटेना. चौकटीला तिने 'कच्ची नोंद' असं नाव दिलं. कचेरीने तिला पेन्सिलच म्हटलं.

आणि फायली धावायला लागल्या.

करड्या चौकटीत भांडणं झाली, टोमणे झाले, आठवड्याचं काम दिवसात व्हायला लागलं. साहेबांनी संचालक मंडळापुढे तक्ते दाखवले. किटलीत धम्मशीलापुरता चहा उरायला लागला. तो थंड असायचा, पण असायचा. "बुडवाबुडवीला शेवटी काठ सापडला," भुजंगराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्याच पेन्सिलीचा."

सोयाबीनचा तो लॉट याच गर्दीत आला. गेल्या वर्षी उरलेलं बी होतं. धम्मशीलाने चाचणी स्वतः लावली होती. उगवण किमान सत्तर टक्के हवी, ती एकसष्ट आली. तिने दुसऱ्यांदा चाचणी लावली, तरी तेच. अहवाल फायलीला जोडून तिने करड्या चौकटीत लिहिलं, 'उगवण कमी. लॉट थांबवावा.'

थोड्या वेळाने खाली भुजंगरावांचं उत्तर उमटलं. 'गाड्या भरल्यात. मी साहेबांशी बोलून घेतो. तुमी पुढं पाठवा.'

तिच्यासमोर दोन बटणं होती, मंजूर आणि नामंजूर. नामंजूर बटण तिनेच बसवलं होतं, पण आजवर संघात ते कुणी दाबलं नव्हतं. दाबलं की कारणाचा पक्का शेरा द्यावा लागणार, लॉट सगळ्या गोदामांत गोठणार, साहेबांना बैठकीतून उठावं लागणार, अडलेल्या फायलींच्या तक्त्यात लाल रेघ येणार. बोलून घेतो म्हणालेत, तिने मनाशी म्हटलं. वर थांबवतील. तिने मंजूर दाबलं.

वर कुणी थांबवलं नाही. जोडलेला अहवाल कुणी उघडला नाही. शेवटचं हिरवं चिन्ह पडलं आणि करडी चौकट सांगितल्याबरहुकूम कोरी झाली.

पेडगावच्या शिवारात ते बी पेरलं गेलं. जुलैच्या सुरुवातीला तिथले शेतकरी पेरणीच्या मोकळ्या तासांचे, न उगवलेल्या ओळींचे, फोटो मोबाइलवर घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर आले. दत्तराव नावाचे एक म्हातारे तडक आत आले. त्यांनी धोतराच्या सोग्यात आणलेलं, मातीत कुजलेलं बी तिच्या टेबलावर ओतलं आणि निघून गेले. कृषी खात्याची चौकशी समिती शिवार बघून गेली. संघाने आपलं म्हणणं द्यावं असं समितीने कळवलं.

योगीराज साहेबांनी दोघांना वर बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर फाइल उघडी होती. 'प्रयोगशाळा : मंजूर. धम्मशीला.' आणि जोडलेल्या अहवालात एकसष्ट.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"मी कच्च्या नोंदीत लॉट थांबवा म्हणून लिहिलं होतं. भुजंगरावांनी पुढे पाठवा म्हणून लिहिलं."

"कोनती नोंद?" भुजंगराव पडद्याकडे वाकून बघत म्हणाले. "मला तर कायच दिसंना."

"तुम्ही साहेबांशी बोलणार होतात."

"मी? मी टपाल पुढं ढकलनारा मानूस. उगवनीतलं मला काय कळतंय?" मग ते तिच्याकडे वळले, आणि आवाज खाली आला. "तुमीच म्हनायच्या ना, पुसता येतंय म्हनून कुनी जबाबदारी घेत न्हाई? मंग पुसायची सोय कुनी केली हो बाई?"

ते खरं होतं.

साहेबांनी पंखा कमी केला. "हे बघा, जोडलेला अहवाल बदलायचा अधिकार यंत्रणेत एकट्या तुम्हाला आहे. एकसष्टच्या जागी एकाहत्तर. टंकलेखनाची चूक. बी खोल पेरलं गेलं, पाऊस लांबला, असं आपण उत्तर देऊ. आणि तुमच्या कराराची फाइल आजच माझ्याकडे आलीय." ते मंद हसले. "एका आकड्याचं काम आहे."

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि खाली आली.

राजेश्री नावाची एक लिपिक शेजारी बसायची. कचेरीत तिच्याशी सरळ बोलणारी तेवढीच. "ताई, बदला की," ती कुजबुजली. "कोन बघायलंय? तुमीच का मरायचं सगळ्यांसाठी?"

"मी मंजूर दाबलंय, राजेश्री. मरायचं कसलं, केलंच आहे मी."

समितीला जायच्या उत्तराची फाइल प्रवाहात उघडी होती. ज्या टेबलांवरून लॉट गेला त्या प्रत्येकाने आपला शेरा द्यायचा, आणि प्रत्येक शेरा पाठवताक्षणी जसाच्या तसा समितीकडे जाणार, असा तिचाच नियम होता. तिने पक्क्या चौकटीत लिहिलं. 'उगवण एकसष्ट टक्के आली होती. अहवाल बरोबर आहे. लॉट थांबवावा असं मी कच्च्या नोंदीत लिहिलं. पुढे पाठवा असं उत्तर अधीक्षकांकडून आलं. तरीही मंजूर मी केलं. तसं करायला नको होतं.' वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पाठवलं. त्यानंतर तिने कच्च्या नोंदीची चौकट प्रवाहातून काढून टाकली.

फाइल पुढच्या क्षणी भुजंगरावांच्या टेबलावर होती.

ते वाचताना त्यांच्या मानेवरची शीर फुगलेली तिला लांबून दिसली. मग त्यांची बोटं चालायला लागली. दोन बोटांनी, ठोकून ठोकून. आधी मनातलं सगळं ओकायचं, मग थंड व्हायचं, मग खोडून सरकारी भाषेत लिहायचं, अशा तीस वर्षांच्या सवयीचा माणूस आज कच्ची समजून पक्क्या चौकटीत पहिला खर्डा लिहीत होता. लिहून त्यांनी खुर्ची मागे ढकलली, घोटभर पाणी प्यायलं आणि सवयीनेच, कालपर्यंत जिथे कच्च्या नोंदीचं बटण असायचं तिथे क्लिक केलं. तिथे आता 'पाठवा' होतं.

धम्मशीलाच्या पडद्यावर शेरा उमटला. 'ही बाई खोटारडी आहे. हिने स्वतःच थांबवा लिहिलं आणि मी फक्त गाड्या भरल्यात पुढं पाठव म्हटलं तर लगेच मंजूर केलं, हिला अक्कल नव्हती काय. साहेब म्हणाले होते कुणी अहवाल उघडत नाही. मला मध्ये ओढायचं कारण नाही.'

कचेरीत एकेक मान संगणकाकडे वळली. कुणी हसलं नाही.

भुजंगराव तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा मातकट झाला होता. "काढा ते."

"निघत नाही."

"मला शिकवू नका! चौकटी काढता येत्यात, घालता येत्यात, तुमच्या हातात हाय सगळं. काढा म्हन्लं ना!"

"निघत नाही, भुजंगराव. समितीकडे गेलंसुद्धा."

"माजी दोन वर्सं ऱ्हायलीत निवृत्तीला." ते वाकले. दातांतून शब्द आले. "तुमी आलात कशाला हितं? आमचं चाललं होतं. चांगलं चाललं होतं. घरात पानी शिरवलंत तुमी आमच्या."

"पेडगावला पण चांगलंच चाललं होतं," ती म्हणाली.

ते गेले. दुपारभर वरच्या मजल्यावर दारं आपटत होती. कुलूप लावायच्या सुमारास राजेश्री तिच्या खुर्चीमागे येऊन थांबली.

"ताई, तुमच्या कराराची फाइल. साहेबांनी नामंजूर दाबलं."

"माहीत होतं."

"पन जाईना ती. चारदा दाबलं म्हनं. शेऱ्याशिवाय पुढं जात न्हाई म्हनून दाखवायलंय. साहेब इचारायलेत, काय लिवायचं? तुमालाच इचारून ये म्हन्ले."

धम्मशीला खण रिकामा करत होती. सगळं एका पिशवीत मावलं. जिन्यावरून वर पाहिलं तर साहेबांच्या दाराखालून उजेड येत होता.

"का काढताय ते लिहा म्हणावं," ती म्हणाली, "खरं कारण. पण नीट विचार करून लिहा म्हणावं."

राजेश्री जिना चढून गेली. धम्मशीलाने पिशवी खांद्याला लावली, पण ती लगेच निघाली नाही. वरून बराच वेळ टंकण्याचा आवाज आला नाही.