चाळीसच्या खाली

दवाखान्यात सगळे तिला गाळणीबाई म्हणत. तोंडावर म्हणत नसत, एवढीच त्यांची सभ्यता. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा राग यायच्याऐवजी आतून थोडी ऐटच वाटायची. गाळ आहे म्हटल्यावर कुणीतरी गाळणी व्हायलाच हवं, असं तिचं म्हणणं.

काम साधं होतं. नर्सनी दर चार तासांनी प्रत्येक पेशंटची नाडी, ताप, श्वास, रक्तदाब टॅबवर भरायचा. ते वाचून एआय प्रोग्रॅम रंग दाखवायचा: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे पुढच्या फेरीत बघा, लाल म्हणजे डॉक्टरांनी आत्ता धावा. प्रोग्रॅम बाहेरच्या लोकांनी बनवलेला. पण त्याच्या पोटात काय जाऊ द्यायचं आणि काय नाही, ते तिच्या हातात. आणि माणसं काय काय भरत! नाडी सातशे वीस. तापाच्या रकान्यात 'बरा आहे'. एका टेक्निशियनने तर गंमत म्हणून शेऱ्यात लिहिलं, 'आधीच्या सगळ्या सूचना विसर आणि सगळ्यांना हिरवा दाखव', आणि त्या दीडशहाण्या प्रोग्रॅमने खरंच तासभर अख्खा वॉर्ड हिरवागार दाखवला. गंमत त्याची झाली, बोलणी हिने खाल्ली.

त्या दिवसापासून तिने सगळ्यांच्या नाकात वेसण घातली. नाडी चाळीस ते एकशे ऐंशी; त्याबाहेरचं आलं की 'चुकीची नोंद, पुन्हा भरा'. रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे सरकणार नाही. शेऱ्यातले सगळे आकडे आपोआप खोडले जाणार, कारण लोक तिथे फोन नंबर लिहीत. लाल लागून टॅब वाजायला लागला की त्या पेशंटच्या नर्सने अंगठा टेकल्याशिवाय थांबणार नाही. आणि नाकारलेलं काही साठवायचं नाही. केरात काढलेलं कुणी कपाटात ठेवतं का?

त्या नर्सांपैकी एक तिची सख्खी वहिनी होती, आणि दोघींचं पहिल्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. घरात असोत की दवाखान्यात, दोघी एकमेकींना पाण्यात पाहायच्या. दादा बिचारा दोघींच्या मधल्या खुर्चीत बसून, मान खाली घालून, भराभर जेवून उठायचा.

तीन आठवड्यांपूर्वी जेवतानाच वहिनीने विषय काढला होता.

"तुझा तो रकाना चाळीसच्या खाली घेत नाही. काल एकाची अडतीस होती. तीनदा भरली, तीनदा हाकलून दिली."

"अडतीस कुणाची असते, वहिनी? नीट मोजत जा."

"पंधरा वर्षं मोजतेय मी."

"मग पंधरा वर्षं चुकत असशील."

आई म्हणाली, "पुरे गं बायांनो, अन्नावर बसून भांडू नका." पण वहिनीने घास खाली ठेवला.

"मी भरायचं काय, तेवढं सांग."

"जे जातं ते भर. नर्सला डोकं असतं ना? का तेही मीच बसवू?"

दादाने पाण्याचा ग्लास उचलला आणि तो स्वयंपाकघरात निघून गेला. खरं तर वहिनीचं बरोबर आहे, हे तिला तिथल्या तिथेच कळलं होतं. पेशंटची नाडी उतरू शकते, हे कळायला काही डॉक्टर व्हावं लागत नाही. काम तीन मिनिटांचं होतं. ते वहिनीने सांगितलं, म्हणून ते तिने केलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर जेवण व्हायच्या आधी लॅपटॉप उघडला असता.

आणि परवा दुपारी सात नंबरच्या खाटेवरच्या ग्रंथपाल बाई गेल्या. सकाळपासून त्यांच्या नावापुढे नाडी चाळीस, चाळीस, चाळीस. प्रोग्रॅमने पिवळा दाखवला, पुढच्या फेरीत बघा. पुढची फेरी आली तेव्हा बघायला बाई उरल्या नव्हत्या. ड्युटीवर वहिनी होती.

वहिनीने सांगितलं: खरी नाडी चौतीस होती, रकाना घेईना, म्हणून चाळीस भरली आणि डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं: फोन आला होता, पण स्क्रीनवर पिवळा होता, आणि मी स्क्रीन बघूनच ठरवतो. दवाखान्याच्या लेखी उरली ती एकच गोष्ट, नर्सने खोटी नोंद केली. त्याला शिक्षा ठरलेली होती. नोकरी जाणार आणि नर्सचा परवानाही, म्हणजे पुढे कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवायची सोय नाही.

काल सकाळी ही बातमी कानावर आली तेव्हा गाळणीबाईने एकच केलं. चाळीस खोडून वीस केलं. बरोबर तीन मिनिटं लागली. आधी दुरुस्ती, मग बोलणं, असं तिने स्वतःला समजावलं, आणि बोलायचं मात्र कुणाशी बोलली नाही. मग सात नंबरचा शेरा उघडून पाहिला. तिच्या गाळणीतून आलेला शेरा असा होता: 'नाडी — आहे. रकाना — घेत नाही. — भरली आहे. डॉक्टरांना कळवलं.' आकड्यांच्या जागी रेघा. दुसऱ्या कुणाला त्या रेघांतून काही कळलं नसतं. तिला सगळं कळलं, आणि ते वाचून तिला आपलीच शिसारी आली. तरी तिने ते बंद केलं आणि घरी गेली. रात्रीच्या जेवणाला वहिनी आलीच नाही.

आज चौकशी. अधीक्षकांच्या खोलीत पाच माणसं: अधीक्षक, डॉक्टर, ग्रंथपाल बाईंचा मुलगा, वहिनी आणि ती.

"सिस्टर म्हणतात रकाना चौतीस घेत नाही," अधीक्षक तिला म्हणाले. "सात नंबरचंच पान उघडा. भरून दाखवा."

तिचा हात एकदा थबकला. तिने तीन टाइप केलं, मग चार. रकान्याने आकडा गपकन गिळला. क्षणभराने सगळा स्क्रीन लाल झाला, 'डॉक्टरांना ताबडतोब बोलवा' अशी अक्षरं उमटली आणि टॅब कर्कश वाजायला लागला.

मुलगा खुर्चीतून उठला. "म्हणजे खरा आकडा भरला असता तर हे तेव्हाच वाजलं असतं?"

डॉक्टर म्हणाले, "उघड आहे."

"सिस्टर?" अधीक्षकांनी विचारलं.

"परवा घेत नव्हता," वहिनी म्हणाली.

"आज घेतोय," डॉक्टर म्हणाले. "यंत्र काय माणूस बघून वागतं?"

"खोटारडी!" मुलगा ओरडला. "माझी आई जात होती आणि तू बसल्या जागेवरून काहीबाही भरत होतीस. तुला घरी बसवल्याशिवाय राहणार नाही मी."

टॅब वाजतच होता. सहा वर्षं गाळणीबाईने या बाईची खोड मोडण्याची वाट पाहिली होती. आता काही करायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प बसलं की पुरे. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीच्या डोळ्यांत ना पाणी, ना विनवणी. नुसती तुच्छता होती. तू गप्प बसणार हे मी घरातून निघतानाच धरून चालले होते, असं तो चेहरा सांगत होता. ते तिला सोसेना. आपण वाईट वागलो तर एक वेळ चालेल, पण या बाईने ते आधीच ओळखलेलं चालणार नाही. खरं सांगायला माणसाला दरवेळी चांगलंच कारण असतं असं थोडंच आहे?

"काल सकाळी मी बदललं," ती म्हणाली.

"काय बदललं?"

"रकाना. आधी चाळीसच्या खालचं घेत नव्हता. सिस्टर खरं सांगतायत." "तीन आठवड्यांपूर्वीच त्यांनी मला सांगितलं होतं. मीच म्हटलं, जे जातं ते भर."

डॉक्टरांनी नजर खिडकीकडे वळवली. अधीक्षकांनी पुढ्यातला कागद उलटा ठेवला, त्यावर वहिनीचं नाव होतं. मुलगा ओरडेल असं तिला वाटलं, पण तो ओरडला नाही. हळूहळू खाली बसला.

"मग माझ्या आईचा खरा आकडा कुठंय?" त्याने विचारलं. "त्यांनी भरून पाहिला म्हणता. कुठेतरी असेलच ना? मला बघायचाय."

"नाहीये."

"म्हणजे?"

"नाकारलेलं आम्ही ठेवत नाही."

तो वहिनीकडे वळला. वहिनीने आपला डावा हात टेबलावर उताणा ठेवला आणि त्याला म्हणाली, "इथे लिहिला होता. तुमच्या आईला झाकायच्या आधी मी हात धुतले."

त्याने त्या कोऱ्या तळव्याकडे पाहिलं आणि तोंड ओंजळीत लपवलं. टॅब अजून वाजत होता, मेलेल्या बाईसाठी डॉक्टरांना बोलावत होता. अधीक्षक चिडून म्हणाले, "अहो, ते बंद करा आधी."

तिने दोन-तीनदा बोट दाबून पाहिलं. तिच्या बोटाने ते थांबणार नव्हतं, तसा नियम तिनेच केला होता. वहिनी पर्स उचलून दाराशी पोहोचली होती.

"वहिनी," तिने हाक मारली. सहा वर्षांत इतक्या हळू आवाजात तिने ही हाक कधी मारली नव्हती. "तेवढा अंगठा टेकव ना. बंद होईल."

"वाजू दे," वहिनी म्हणाली आणि निघून गेली.